पेपर परत द्यायला निघालेला मुलगा – शंभर वर्षांपूर्वीची एक प्रवेश परीक्षा आणि आपला वर्ग



आज एका जुन्या परीक्षेबद्दल लिहिणार आहे. पण सुरुवात माझ्या वर्गापासूनच करावी लागेल, कारण त्याशिवाय हा विषय माझ्या डोक्यात आलाच नसता.

दर वर्षी पाचवीतली पाच-सहा मुलं सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसतात. सातारची सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली, देशातली ही पहिली सैनिक शाळा. त्यामुळे आमच्या भागातल्या आई-वडिलांना त्या शाळेचं मोठं आकर्षण. शाळा सुटल्यावर आम्ही मुलांना थांबवून सराव घेतो. पेपर १२५ प्रश्नांचा, वेळ १५० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, बाकी भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान. हिशेब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. म्हणून मी मुलांना पहिल्या दिवसापासून एकच घोकायला लावलं होतं, "येत नसेल तर सोडा, पुढे जा. अडकून बसू नका."

एका शनिवारी सराव पेपर चालू होता. चाळीस मिनिटं बाकी असताना एक मुलगा उठला आणि पेपर माझ्या टेबलावर ठेवून दप्तर भरायला लागला. पाहिलं तर गणिताचे निम्म्याहून जास्त गोल कोरे.

मी म्हटलं, "अरे, अजून वेळ आहे ना?"

तो म्हणाला, "बाई, येत नव्हतं ते सगळं सोडलं. मग पुढे काहीच उरलं नाही."

चिडावं की हसावं कळेना. पण घरी गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यानं माझंच ऐकलं होतं! "सोडा, पुढे जा" हे मी शिकवलं होतं. "मग परत मागे या" हे शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

त्याच आठवड्यात मला ओमर ब्रॅडली यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवला. तो तुम्हाला सांगायचा आहे. त्याआधी ती परीक्षा काय होती ते पाहू.

वेस्ट पॉइंटची प्रवेश परीक्षा

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठावर वेस्ट पॉइंट नावाची जागा आहे. तिथे १८०२ साली सैनिकी अकादमी स्थापन झाली. सैन्याचे अधिकारी तयार करणारी ही संस्था. आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारखीच समजा, फक्त वेस्ट पॉइंट भूदलासाठी. नौदलासाठी त्यांची वेगळी अकादमी ॲनापोलिस इथे आहे.

सुरुवातीला इथे प्रवेशासाठी फार काही लागत नसे. १८१२ च्या कायद्यानुसार मुलाला वाचन, लेखन आणि अंकगणित नीट यायला हवं, एवढीच अट होती. १८६६ साली त्यात इंग्रजी व्याकरण, भूगोल आणि अमेरिकेचा इतिहास यांची भर पडली. विसावं शतक उजाडलं तोवर गावोगावी हायस्कुलं निघाली होती. मग १९०१ साली कायदा बदलला आणि विषयांची यादी लांबली.

ती यादी वाचून गंमत वाटते. वाचन, लेखन, शुद्धलेखन, व्याकरण, निबंध, इंग्रजी साहित्य. अंकगणित, वर्गसमीकरणांपर्यंतचं बीजगणित, समतल भूमिती. भूगोल, त्यातही स्वतःच्या देशाचा जास्त. अमेरिकेचा इतिहास आणि जगाच्या इतिहासाची रूपरेषा. शेवटी शरीरशास्त्र आणि आरोग्य.

बघा, यात सैनिकी असं काय आहे? बंदूक नाही, नकाशावरची लढाई नाही. सगळे आपलेच विषय! गावातल्या शाळेत जे शिकवतात तेच. उद्या हजारो माणसांची जबाबदारी ज्याच्यावर द्यायची, त्याला आधी अपूर्णांक यावेत, चार वाक्यं शुद्ध लिहिता यावीत, नदी कुठून कुठे वाहते हे माहीत असावं, असा त्यामागचा विचार.

पण फक्त परीक्षा पास होऊन भागत नसे. आधी कोणाची तरी शिफारस लागायची. बहुतेक जागा लोकप्रतिनिधींच्या हातात असत. प्रतिनिधी एक मुख्य उमेदवार निवडायचा आणि त्याच्या मागे पर्यायी उमेदवार ठेवायचा. मुख्य उमेदवार नापास झाला तर पर्यायी उमेदवाराला संधी. वय १७ ते २२ च्या मध्ये हवं. पुढे मान्यताप्राप्त शाळेचा दाखला दाखवून लेखी परीक्षेतून सूट मिळण्याचीही सोय झाली. म्हणजे "शाळेचे गुण धरायचे की वेगळी प्रवेश परीक्षा घ्यायची" हा आपला नेहमीचा वाद तेव्हाही होताच.

लोणी कारखान्यातला मुलगा

कॅन्सस राज्यात ॲबिलिन नावाचं लहान गाव. तिथला ड्वाइट आयझेनहॉवर १९०९ साली हायस्कूल पास झाला. घरची परिस्थिती बेताची, भावंडं बरीच. मोठ्या भावाचं कॉलेज चालावं म्हणून हा गावातल्या दूध-लोण्याच्या कारखान्यात कामाला लागला. भावाला पैसे पाठवायचे आणि आपली पाळी येईल तेव्हा येईल, असं ठरलेलं.

त्याचा एक मित्र ॲनापोलिसच्या परीक्षेची तयारी करत होता. मित्र गणितात एकदा नापास झाला होता आणि पुन्हा बसणार होता. त्यानं यालाही ओढलं. जुन्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून दोघं रोज एकत्र अभ्यासाला बसायला लागले. एक विचारणार, दुसरा सांगणार. शिवाय १९१० च्या शरदात आयझेनहॉवर आपल्या जुन्या शाळेत जाऊन पुन्हा वर्गात बसला. पास होऊन वर्ष उलटून गेलेला, मिळवता झालेला वीस वर्षांचा मुलगा लहान मुलांबरोबर बाकावर! आपल्याकडे एखाद्यानं असं केलं तर लोक काय म्हणतील, विचार करा.

त्याच्या राज्याच्या सिनेटरनं, ब्रिस्टो यांनी, ओळखीवर जागा न वाटता स्पर्धा परीक्षा ठेवली. ती ऑक्टोबर १९१० मध्ये टोपेका शहरात झाली. वेस्ट पॉइंटसाठी आयझेनहॉवर ८७.५ सरासरीनं दुसरा आला. व्याकरणात ९९, अंकगणितात ९६, बीजगणितात ९४. आणि अमेरिकेच्या इतिहासात ७३!

हा ७३ चा आकडा पालकांनी जरा लक्षात ठेवावा. हा मुलगा लहानपणी इतिहासाच्या पुस्तकांचा इतका वेडा होता की कामं राहतात म्हणून आईनं ती पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवली होती. ज्याची आवड सगळ्यात जास्त, त्याच विषयात गुण कमी. आवड आणि गुण बरोबरीनं चालतातच असं नाही. मुलाला एखाद्या विषयात कमी गुण मिळाले म्हणून "तुला यातलं काही कळत नाही" असं म्हणण्याआधी थोडं थांबावं, एवढंच मला सुचवायचं आहे. पुढे हाच मुलगा दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती झाला आणि १९५३ ते १९६१ अमेरिकेचा अध्यक्ष.

ॲनापोलिससाठी त्याचं वय उलटून गेलं होतं. वेस्ट पॉइंटसाठी सिनेटरनं त्याचं नाव दिलं. जानेवारी १९११ मध्ये सेंट लुइसजवळच्या जेफरसन बॅरक्स या लष्करी ठाण्यात त्याची मुख्य परीक्षा झाली. तो पास झाला.

त्यानंतर सहा महिन्यांनी त्याच ठाण्यात दुसरा एक मुलगा परीक्षेला आला.

मास्तरांचा मुलगा

ओमर ब्रॅडली मिसुरी राज्यातला, जन्म १८९३. वडील खेड्यातल्या एकखोली शाळांमधून शिकवणारे शिक्षक. शाळा मैलोन्‌मैल लांब, रोज चालत जायचे. लहान ओमर त्यांच्याबरोबर चालायचा. वाचनाची गोडी आणि बेसबॉलचं वेड दोन्ही त्याला वडिलांकडूनच लागलं. १९०८ साली वडील न्यूमोनियानं गेले. तेव्हा ओमर जेमतेम पंधरा वर्षांचा. आईनं शिवणकाम करून घर चालवलं.

१९१० साली हायस्कूल संपलं. पुढे शिकायला पैसे नव्हते. मोबर्ली गावात रेल्वेच्या कारखान्यात तासाला १७ सेंट मजुरीवर तो काम करू लागला. थोडे पैसे साठवायचे आणि कायद्याच्या शिक्षणासाठी विद्यापीठात जायचं, असा बेत होता. चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थानं त्याला वेस्ट पॉइंटबद्दल सांगितलं. तिथे फी नाही हे समजल्यावर त्यानं आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहिलं. मुख्य उमेदवार आधीच ठरला होता. हा पर्यायी उमेदवार झाला.

अभ्यास सोडून वर्ष होऊन गेलेलं. तयारीला हातात आठवडाभरही नीट नाही. परीक्षेला जायचं म्हणजे मजुरी बुडणार, गाडीभाडं वेगळं. रेल्वेनं पास आणि सुट्टी दिली म्हणून तो जाऊ शकला.

जुलै १९११. चार दिवस परीक्षा, रोज चार तास. बीजगणिताच्या पेपरला तो बसला आणि हात थांबला. दोन तास गेले तरी जेमतेम पाचवा हिस्सा सुटला होता. पास व्हायला ६७ टक्के हवेत. त्यानं ठरवलं, आता बसण्यात अर्थ नाही. कागद गोळा केले आणि पर्यवेक्षक अधिकाऱ्याकडे द्यायला निघाला.

तो अधिकारी पुस्तकात अगदी गढून गेला होता. आता याला कशाला त्रास द्यायचा, असं मुलाला वाटलं. संकोचला आणि परत आपल्या जागेवर येऊन बसला. आलोच आहोत तर पुन्हा एकदा बघू म्हणून त्यानं कागद उघडले. आणि विसरलेले नियम एकेक करून आठवायला लागले.

हा प्रसंग ब्रॅडली यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितला आहे. तो पास झाला. मुख्य उमेदवार पास झाला नाही आणि ती जागा याला मिळाली.

वेस्ट पॉइंटमध्ये आयझेनहॉवर आणि ब्रॅडली एकाच वर्गात होते, १९१५ च्या तुकडीत. त्या तुकडीतून १६४ जण बाहेर पडले आणि त्यातले ५९ पुढे जनरल पदाला पोचले. ब्रॅडली पंचतारांकित जनरल झाले. पण मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. १९२० ते १९२४ ही चार वर्षं ब्रॅडली वेस्ट पॉइंटला शिकवत होते. विषय कोणता असेल? गणित!

बीजगणिताचा पेपर अर्धवट टाकून घरी निघालेला मुलगा नऊ वर्षांनी त्याच संस्थेत गणिताचा शिक्षक झाला. फळ्यासमोर अडकून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याकडे बघताना त्यांना तो जुलै महिना आठवत असेल का, असं मला वाटत राहतं.

दोन तासांनंतर काय झालं?

शिक्षक म्हणून या प्रसंगाकडे जरा बारकाईनं पाहू. तिसऱ्या तासाला ब्रॅडलीला काही नवीन कळलं का? नाही. बाहेरून कोणी मदत केली का? तीही नाही. जे आठवलं ते शाळेत शिकलेलंच होतं. वर्षभर वापरलं नाही म्हणून ते खाली गेलं होतं, घाबरल्यामुळे आणखी खाली गेलं. मुलगा उठला, चार पावलं चालला, परत येऊन बसला. तेवढ्यात भीतीचा पहिला जोर ओसरला असणार.

आपण सगळ्यांनी हे अनुभवलेलं आहे. पेपर देऊन वर्गाबाहेर आलं की पायरीवरच उत्तर आठवतं. ते उत्तर आतही आठवलं असतं, फक्त आपण आधी उठलो.

पण एक सावधगिरीही हवी. "चिकाटी धरली की सगळं येतं" असा याचा अर्थ काढू नका. ब्रॅडलीला आठवलं, कारण आठवायला काहीतरी आत होतं. वडिलांनी आणि गावातल्या शाळेनं पाया घातला होता. पायाच नसेल तर मुलाला चार तास बसवून ठेवणं ही शिक्षाच. आधी शिकवणं, मग बसायला लावणं. क्रम उलटा झाला की मुलं परीक्षेचा तिरस्कार करायला लागतात.

आणि आत गेल्यावरही सगळं सुरळीत झालंच असं नाही. जॉर्ज पॅटन हे नाव तुम्ही युद्धपटांमुळे ऐकलं असेल. ते १९०४ साली वेस्ट पॉइंटला दाखल झाले आणि गणितामुळे त्यांना पहिलं वर्ष पुन्हा करावं लागलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम पाच वर्षांनी, १९०९ साली पूर्ण झाला. म्हणजे बघा, एक जण जुन्या शाळेच्या बाकावर परत बसला, एक परीक्षेच्या बाकावर परत बसला आणि एक त्याच इयत्तेत परत बसला. आपल्याकडे "परत बसला" हा शब्द आपण नापास मुलाला हिणवायला वापरतो. तो शब्द मला तरी आता वेगळा ऐकू येतो.

ज्यांना बाकच मिळाला नाही

ही गोष्ट मुलांना सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

त्या परीक्षेचे विषय सर्वांसाठी सारखे होते, पण दार सर्वांसाठी सारखं उघडं नव्हतं. हेन्री फ्लिपर हे वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय, साल १८७७. १८८९ साली चार्ल्स यंग उत्तीर्ण झाले, ते तिसरे. त्यानंतर एकदम १९३६ साली बेंजामिन डेव्हिस. मध्ये ४७ वर्षं एकही नाही! आणि डेव्हिस यांच्याशीही त्या चार वर्षांत बरोबरीची मुलं कामापुरतं सोडून बोलत नसत. मुलींना तर १९७६ पर्यंत प्रवेशच नव्हता.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं? भारतीय सैन्यात लाखो शिपाई होते, पण अधिकारी घडवणाऱ्या इंग्लंडमधल्या सँडहर्स्टचं दार भारतीय मुलांना १९१८ मध्ये उघडलं, तेही वर्षाला १० जागांपुरतं. त्या प्रवेशाची तयारी व्हावी म्हणून १९२२ साली डेहराडूनला शाळा काढली. डेहराडूनलाच भारतीय सैनिकी अकादमी १९३२ साली सुरू झाली. आज आमच्या शाळेतली मुलगीसुद्धा सैनिक शाळेची परीक्षा देते. खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. सराव वर्गात बाकावर बसलेल्या मुलीला हे सांगा. आपण बसलोय त्या जागेसाठी आधीच्या कितीजणींना थांबावं लागलं, हे तिला कळू दे.

लांब पेपर आखूड कसा झाला?

पालक नेहमी विचारतात, "बाई, आमच्या वेळेला सविस्तर उत्तरं लिहायला लागायची, आता नुसते गोल काळे करतात. हे कुठून आलं?" त्याचं उत्तरही याच काळात आहे.

१९०१ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या काही कॉलेजांनी एकत्र येऊन पहिली सामायिक प्रवेश परीक्षा घेतली. ९७३ विद्यार्थी बसले. सगळी उत्तरं लिहायची, आणि तपासनीस एकत्र बसून ती वाचायचे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला थोड्या महिन्यांत लाखो जवानांची चाचणी घ्यायची होती. सविस्तर उत्तरं वाचणार कोण? म्हणून झटपट तपासता येतील असे छोटे प्रश्न आले. त्या कामात असलेले मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी पुढे कॉलेज प्रवेशासाठी तशीच चाचणी तयार केली. ती २३ जून १९२६ रोजी झाली, सुमारे ८,००० मुलं बसली. ३१५ प्रश्न आणि ९७ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साडेअठरा सेकंद!

आपली मुलं देतात ती परीक्षा याच घराण्यातली. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. इतक्या मुलांचे पेपर दुसऱ्या मार्गानं वेळेत तपासून होणार नाहीत, आणि तपासणाऱ्याच्या मर्जीचाही प्रश्न उरत नाही. पण या पेपरची तयारी करताना मुलाला एका प्रश्नासोबत वीस मिनिटं राहण्याची सवयच लागत नाही, हे मात्र खरं. ती सवय पेपर लावणार नाही. आपल्यालाच लावायला हवी.

वर्गात करून पाहण्यासारखं

मी या वर्षी तीन गोष्टी सुरू केल्या. सोप्या आहेत, साहित्य काही लागत नाही.

पहिली गोष्ट, दोन फेऱ्या. सराव पेपरला पहिल्या फेरीत येणारे प्रश्न सोडवायचे आणि न येणाऱ्यांच्या क्रमांकाला पेन्सिलनं टिंब द्यायचं. मग पेन खाली ठेवून पाणी प्यायचं, एक मिनिट डोळे मिटायचे. दुसऱ्या फेरीत फक्त टिंबवाले प्रश्न. वेळ संपेपर्यंत पेपर घ्यायचा नाही, हा नियम माझ्यासाठी! दुसऱ्या फेरीत किती सुटले ते मुलांनी वहीच्या मागे लिहायचं. मुलं आता आपणहून सांगतात, "बाई, आज टिंबातले सहा सुटले."

दुसरी गोष्ट, आठवड्याला एक लांब गणित. पर्याय नाहीत, घड्याळ नाही.

तिसरी गोष्ट, जुन्या धाटणीचा पेपर महिन्यातून एकदा, घरी आई-बाबांबरोबर सोडवायचा. खालचे प्रश्न मी स्वतः त्या धाटणीवर तयार केले आहेत.

१. (पाचवीसाठी) ४ डझन केळी १६० रुपयांना घेतली. ६ केळी नासली. उरलेली ५ रुपयांना एक याप्रमाणे विकली. नफा की तोटा? किती?

२. (नववी-दहावीसाठी) एका आयताकृती अंगणाची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरनं जास्त आहे. क्षेत्रफळ १२० चौरस मीटर. लांबी, रुंदी आणि कर्ण काढा. समीकरणाचं एक उत्तर आपण का टाकून देतो, ते दोन वाक्यांत लिहा.

३. (आठवीच्या पुढे) मुंबईहून सुएझ कालव्यातून लंडनला जाणारं जहाज कोणकोणत्या समुद्रांतून आणि सामुद्रधुन्यांतून जाईल ते क्रमानं लिहा.

४. "ज्यानं पूर पाहिला आहे, तो ओढा ओलांडताना घाई करत नाही." या वाक्यातलं मुख्य वाक्य कोणतं आणि गौण वाक्य कोणतं?

५. पावसाळ्यात पाणी उकळून का प्यावं? आजीला समजेल अशा पाच ओळींत लिहा.

उत्तरं तपासायला सोपी जावीत म्हणून देते. पहिल्याचं उत्तर ५० रुपये नफा. दुसऱ्यात रुंदी ८, लांबी १५, कर्ण १७ मीटर. उणे १५ हे उत्तर टाकायचं, कारण लांबी-रुंदी उणे असू शकत नाही. तिसऱ्यात अरबी समुद्र, बाब-एल-मांदेब, तांबडा समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र, जिब्राल्टर, अटलांटिक महासागर आणि इंग्लिश खाडी, मग डोव्हरची सामुद्रधुनी ओलांडून उत्तर समुद्राच्या कडेनं थेम्स नदी. चौथ्यात "तो ओढा ओलांडताना घाई करत नाही" हे मुख्य वाक्य. पाचव्याचं उत्तर आजीच तपासेल.

एका वडिलांनी तिसरा प्रश्न मुलीबरोबर सोडवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, भिंतीवर नकाशा वर्षभर लटकलाय, काल पहिल्यांदा त्याच्यासमोर पाऊण तास उभे राहिलो." मला वाटतं प्रश्नाचं काम झालं.

शेवटी त्या मुलाबद्दल

ज्याच्यापासून हा लेख सुरू झाला, त्याला मी ब्रॅडलीची गोष्ट सांगितली. त्यानं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "पण बाई, ते साहेब पुस्तक वाचत नसते तर?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच, त्या अधिकाऱ्यानं मान वर करून कागद घेतले असते तर? एक चांगला मुलगा रेल्वेच्या कारखान्यात परत गेला असता आणि कोणाला काही कळलंही नसतं. मी त्याला म्हटलं, "म्हणून तर मी आता पेपर लवकर घेत नाही. तू कितीही वेळा आलास तरी परत जागेवर पाठवणार."

तो हसला. पुढच्या शनिवारी तो पुन्हा उठला, माझ्या टेबलापर्यंत आला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत जाऊन बसला. त्या दिवशी टिंबातले चार प्रश्न सुटले. सैनिक शाळेत त्याचा नंबर लागेल की नाही, मला माहीत नाही. जागा थोड्या आणि मुलं फार. पण त्या चार प्रश्नांची नोंद त्यानं वहीच्या मागे जरा मोठ्या अक्षरात केली आहे.

तुमच्या वर्गातही असा एखादा पेपर घेऊन निघालेला असेल. तो टेबलाशी आला की लगेच हात पुढे करू नका.